सहानुभूती वाढली म्हणजे दृष्टिकोन बदलला?

दर वर्षी ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, अनेक महाविद्यालयांत मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना चालायला लावतात, नाहीतर दहा मिनिटे व्हीलचेअरवर बसवतात. अपंगत्व अनुभवले की दृष्टिकोन आपोआप बदलतो, हा यामागचा समज. पुरावा तसे सांगत नाही. मिशेल नारिओ-रेडमंड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर असेच प्रयोग करून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांची सहानुभूती वाढली, पण सोबत असहायता, संकोच आणि आपल्यालाही अपंगत्व येईल ही भीतीही वाढली. अपंगांशी वागण्याबोलण्याबद्दलची वृत्ती मात्र सुधारली नाही. त्याचे कारण मला तरी उघड दिसते. पट्टी बांधलेल्याला कळते ते पहिल्या दहा मिनिटांचे चाचपडणे. पांढरी काठी घेऊन रोज एकट्याने लोकल पकडणाऱ्याचे कसब कळत नाही. काहीच न करण्यापेक्षा हे बरे, असे कोणी म्हणेल. पण नुसत्या कणवेतून पुढे गटप्रकल्पात ‘तू राहू दे, आम्ही करतो’ हे वाक्य येते, आणि अपंग मुलाची शिकण्याची संधी तिथेच जाते.

दुसरा गैरसमज परीक्षेच्या वेळी उफाळून येतो: लेखनिक आणि जादा वेळ म्हणजे फुकटची सवलत, इतरांवर अन्याय. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटे वाढवून मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. प्रश्न तेच, तपासणीही तीच. तो तास जातो कुठे? प्रश्न पुन्हा वाचून घेण्यात, विषय न येणाऱ्या लेखनिकाला संज्ञा अक्षर-अक्षर सांगण्यात, आधी काय सांगितले ते डोक्यात धरून ठेवण्यात. ‘पण हा तर धडधाकट दिसतो!’ हा आक्षेपही हमखास येतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत; अध्ययन अक्षमता, हिमोफिलिया, थॅलेसेमिया यांतले काहीच पाहून कळत नाही. शिवाय विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले की, ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र नाही एवढ्याच कारणावरून लेखनिक नाकारता येत नाही. विकास कुमार या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता.

मग बदल कशाने होतो? गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले की, बरोबरीच्या नात्याने, समान उद्दिष्टासाठी, संस्थेच्या पाठबळाने एकत्र काम केले की पूर्वग्रह घटतो. २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले आणि परस्परसंपर्काने पूर्वग्रह कमी होतो, हेच त्यांना आढळले. पण बरोबरीने काम करायला आधी अपंग मुलाला वर्गात बरोबरीने शिकता आले पाहिजे. नोट्सचे फोटो काढून त्यांची पीडीएफ ग्रुपवर टाकली, की मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तिथे शब्दच सापडत नाहीत. त्याच नोट्स टाइप करून दिल्या तर अंध विद्यार्थी इतरांइतक्याच लवकर वाचून मोकळा होतो. ही साधी गोष्ट वर्गमित्रांना कोणी शिकवलेलीच नसते. अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, ही प्राध्यापकांची तक्रार खरी आहे, पण यासाठी वेगळा पेपर लागत नाही. वास्तुरचनेच्या मुलांनी एकास बारा उताराचा रॅम्प आपल्या आराखड्यात काढावा, संगणकाच्या मुलांनी आपली वेबसाइट माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर चालवून पाहावी, विधीच्या वर्गात विकास कुमार निकाल वाचला जावा. आणि या कामांना गुण असावेत, म्हणजे ती ३ डिसेंबरपुरती उरणार नाहीत.