खेळण्यातील भिंत खरी दिसावी म्हणून

लेगोच्या ठोकळ्यांना इंग्रजीत विटाच म्हणतात. तरीही त्यांची रचलेली भिंत सहसा वीटकामासारखी दिसत नाही. लाल, गुळगुळीत, चकचकीत असा एकसंध पडदा तेवढा उभा राहतो. जुन्या इमारतींच्या प्रतिकृती करणाऱ्या हौशी कारागिरांपुढील हा नेहमीचा पेच आहे.

त्याचे मूळ मापात आहे. डेन्मार्कमधील बिलुंड येथील या कंपनीने २८ जानेवारी १९५८ रोजी ज्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो आजच्या ठोकळ्यांतही घट्ट बसतो. त्याची उंची ९.६ मिलिमीटर, तर वरच्या दोन गोल उंचवट्यांमधील, म्हणजे स्टडमधील, अंतर ८ मिलिमीटर असते. लेगोची बाहुली सुमारे ४ सेंटिमीटर उंच. तिला १७० सेंटिमीटरचा माणूस मानले, तर प्रमाण साधारण ४२ पट येते. त्या हिशेबाने एक ठोकळा ४० सेंटिमीटर जाडीचा थर ठरतो. डेन्मार्कमधील प्रमाणित वीट मात्र २२८ मिलिमीटर लांब आणि ५४ मिलिमीटर उंच असते. प्रतिकृतीत ती जेमतेम सव्वा मिलिमीटर उंच हवी. एवढा लहान ठोकळा नाही. म्हणून मापाची नक्कल सोडून गवंड्याच्या रीतीची नक्कल करावी लागते. ही रीत म्हणजे सांधेमोड, दरजांची सावली आणि रंगातील असमानता.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दर्शनी बाजूवर विटांचा उठाव असलेला दोन स्टडचा ठोकळा. मात्र संपूर्ण भिंत त्याचीच केली तर ती छापील कागदासारखी दिसते. साध्या, फिकट भिंतीत दोन-तीन ठिकाणी हे ठोकळे वेड्यावाकड्या कडांनी बसवावेत. तेथे गिलावा गळून आतील विटा उघड्या पडल्याचा भास होतो. या ठोकळ्याची आखूड बाजू सपाट असल्याने कोपऱ्यावर उठाव तुटतो. म्हणून कोपऱ्यावर साधेच ठोकळे घेऊन, एका थरात लांब आणि पुढच्या थरात आखूड बाजू दर्शनी येईल, अशी रचना करतात.

दुसरी पद्धत अधिक खोलात जाते. तिला हौशी वर्तुळात ‘स्नॉट’, म्हणजे ‘स्टड्स नॉट ऑन टॉप’, असे म्हणतात. बाजूला स्टड असलेल्या फिकट राखाडी ठोकळ्यांचा गाभा रचून त्यावर दोन स्टडच्या लाल टाइल आडव्या चिकटवायच्या. टाइलची रुंदी ८ मिलिमीटर आणि थराची उंची ९.६ मिलिमीटर, त्यामुळे प्रत्येक दोन ओळींमध्ये १.६ मिलिमीटरची फट आपोआप उरते. मागचा राखाडी रंग त्या फटीतून चुन्यासारखा दिसतो आणि तिच्यात सावलीही पडते. एकाआड एक ओळ एका स्टडच्या टाइलने सुरू केली, की उभे सांधे एकावर एक येत नाहीत.

तिसऱ्या पद्धतीत ठोकळ्यांऐवजी ३.२ मिलिमीटर जाडीच्या प्लेट एकमेकींवर रचतात. थर बारीक दिसतात, पण सुटे भाग फार लागतात. सोळा स्टड रुंद आणि दहा ठोकळे उंच भिंतीला, सांधेमोड पाळून, दोन स्टडचे आणि कडेला एका स्टडचे मिळून ८५ ठोकळे पुरतात. तेच काम प्लेटनी केल्यास २५५ प्लेट लागतात. खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. म्हणून अनेकजण ही पद्धत दरवाजाभोवती किंवा खिडकीखाली, नजर जेथे ठरते तेथेच वापरतात.

रंगाचा नियम तिन्ही पद्धतींना लागू आहे. भट्टीत काही विटा जास्त भाजतात, काही कमी. गडद लाल भिंतीत तांबूस तपकिरी आणि गडद नारिंगी तुकडे विखुरले, तर तोच परिणाम साधतो. ते ठराविक अंतराने आले, तर मात्र नक्षी होते. पायथ्याशी ओल दाखवायची असल्यास करड्या हिरव्या रंगाचे चार-पाच तुकडे पुरे.

मजबुतीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. टाइलचे आवरण भार पेलत नाही, तो गाभाच पेलतो. त्यामुळे गाभ्यातही सांधेमोड हवी आणि काही थरांनंतर एक लांब प्लेट आडवी घालावी. संपूर्ण इमारतीचे सुटे भाग जमवण्यापूर्वी सोळा स्टडचा एक नमुना रचून तो बाजूने येणाऱ्या उजेडात, हातभर अंतरावरून पाहावा. दरजा आणि रंग तेथे जमले नाहीत, तर एवढासा तुकडा मोडून पुन्हा रचता येतो.