राखीव कपाट

अमेरिकेंत बोस्टन शहराला लागून केंब्रिज नांवाचें गांव आहे. तेथील हार्व्हर्ड विद्यापीठाचें ग्रंथालय १८७० च्या सुमारास गोअर हॉल नांवाच्या दगडी इमारतींत होतें. बाहेरून पाहणारास ती इमारत जुन्या ख्रिस्ती मंदिरासारखी भासे. आगीच्या भयानें आंत दिवा लावण्याची मनाई असल्यामुळें दिवस मावळला कीं वाचन आटोपत असे. विजेचे दिवे तेथें १८९५ सालीं आले. या ग्रंथालयाचा कारभार १८५६ पासून जॉन लँग्डन सिब्ली यांजकडे होता. त्यांच्याविषयीं एक आख्यायिका आहे. एकदां ते मोठ्या प्रसन्न मुद्रेनें आवारांतून चालले असतां कोणीं त्यांस कारण विचारलें. सर्व पुस्तकें आपापल्या जागीं आहेत, फक्त दोन तेवढीं प्राध्यापक आगासी यांजकडे राहिलीं आहेत आणि तीं आणावयास आपण निघालों आहों, असें त्यांनीं उत्तर दिलें म्हणतात. गोष्ट खरी असेल वा नसेल. ज्या गृहस्थानें हयातभर लोकांपाशीं मागून मागून ग्रंथसंग्रह वाढविला, त्याची अशी थट्टा व्हावी हें कांहीसें अन्यायाचेंच आहे. परंतु पुस्तक जपणें आणि पुस्तक वापरूं देणें या दोन धर्मांचा झगडा प्रत्येक ग्रंथालयांत चाललेला असतो, तो या आख्यायिकेंत चांगला उतरला आहे.

याच ग्रंथालयाच्या दारांत १८७० सालीं एक नवा शिक्षक येऊन उभा राहिला. त्याचें नांव हेन्री ॲडम्स. त्याचे आजोबा आणि पणजोबा दोघेही अमेरिकेचे अध्यक्ष होऊन गेलेले. विद्यापीठाचे प्रमुख चार्ल्स एलियट यांनीं त्याच्याकडे मध्ययुगाचा इतिहास शिकविण्याचें काम सोंपविलें. मध्ययुगाविषयीं आपणांस कांहीं माहीत नव्हतें असें ॲडम्सनें पुढें आत्मचरित्रांत मोकळेपणानें लिहून ठेविलें आहे. अशा प्रसंगीं पुष्कळ शिक्षक एक पाठ्यपुस्तक हातीं धरतात आणि विद्यार्थ्यांच्या चार पानें पुढें राहून वर्ष काढतात. ॲडम्सनें तसें केलें नाहीं. ज्याचें उत्तर पाठ्यपुस्तकांत नाहीं असा प्रश्न विद्यार्थ्यांपुढें टाकावयाचा आणि सर्वांनीं मिळून मूळ कागदांत त्याचा शोध घ्यावयाचा, ही वाट त्यानें धरली.

ही वाट त्याची स्वतःची नव्हे. ती जर्मनींत मळलेली होती. बर्लिन येथें लेओपोल्ड फोन रांके हे आपल्या निवडक विद्यार्थ्यांस जवळ बसवून मध्ययुगांतील लेखकांचें एकेक वाक्य तपासावयास लावीत. त्यांच्या विद्यार्थ्यांनीं जर्मनीच्या सॅक्सन राजघराण्याचा, म्हणजे इसवी सन ९१९ पासूनचा, वर्षवार इतिहास वांटून घेऊन लिहिला आणि १८३७ पासून तो छापून निघूं लागला. यांतील गेओर्ग वाइट्झ आणि झीगफ्रीड हिर्श या दोघां तरुणांनीं कोर्फाय मठाची म्हणून मानली गेलेली एक बखर मागाहून कोणीं तरी रचलेली बनावट आहे, असें १८३९ सालीं दाखवून दिलें. वाइट्झ हा १८३६ सालीं रांकेंचा वर्ग सोडून हॅनोव्हर येथें गेओर्ग हाइन्रिख पेर्त्झ यांच्या हाताखालीं गेला होता. पेर्त्झ हे तेथील राजग्रंथालयाचे ग्रंथपाल; जर्मन मध्ययुगाच्या साधनांचे मोठमोठे खंड त्यांच्या देखरेखीखालीं १८२६ पासून बाहेर पडत होते. संशय घ्यावयास शिक्षकानें शिकविलें, आणि तो संशय ज्या हस्तलिखितांवर घांसून पाहावयाचा तीं ग्रंथपालाच्या हातांखालीं होतीं.

हार्व्हर्डमध्यें अडचण निराळीच निघाली. जोंपर्यंत सर्व वर्ग एकच पुस्तक पाठ करतो तोंपर्यंत ग्रंथालयाची जरुरच लागत नाहीं; प्रत्येकाजवळ आपापली प्रत असते. एक प्रश्न वीस विद्यार्थ्यांना दिला कीं वीसही जण त्याच पांच ग्रंथांकडे धांवतात. पहिला येणारा ते घरीं नेतो, उरलेले रित्या हातांनीं परततात. म्हणून ॲडम्सनें अशी मागणी केली कीं, आपल्या वर्गाला लागणारे ग्रंथ देवघेवींतून काढून एका बाजूस मांडून ठेवावे, ते कोणीं घरीं नेऊं नयेत आणि वर्गांतील प्रत्येकास तेथें बसून वाचतां यावे. आज जगांतील बहुतेक महाविद्यालयांत जें राखीव कपाट दिसतें त्याचा उगम ग्रंथालयांच्या इतिहासांत या मागणीकडे नेला जातो.

मागणी दोन ओळींची, पण तिच्या पोटीं ग्रंथपालाचें काम किती वाढतें याचा विचार शिक्षक क्वचितच करतात. यादी हातीं आल्यावर ग्रंथ शोधावयाचे, प्रत एकच असल्यास दुसरी मिळते का पाहावयाचें, त्याच ग्रंथासाठीं दुसरा कोणी वाचक आल्यास त्याची समजूत घालावयाची, आणि संध्याकाळीं सर्व कांहीं जागेवर आहे कीं नाहीं हें मोजावयाचें. शिवाय शिक्षकाच्या यादींत ग्रंथाचें नांव असतें, पण त्याची कोणती आवृत्ति चांगली हें पुष्कळदां ग्रंथपालासच अधिक ठाऊक असतें.

मध्ययुगाच्या बाबतींत आवृत्तीचा हा प्रश्न फार नाजूक आहे. ॲडम्सच्या विद्यार्थ्यांनीं नॉर्मन लोक येण्यापूर्वीच्या, म्हणजे १०६६ च्या आधींच्या, इंग्लंडांतील कायद्याचा विषय घेतला होता. त्याचीं मूळ साधनें समुद्रापलीकडे. शिवाय त्यांतील कित्येक १७३१ सालीं लंडन येथें कॉटन संग्रहास लागलेल्या आगींत जळालेलीं किंवा करपलेलीं. आल्फ्रेड राजाच्या, त्याच्याच काळांत लिहिलेल्या चरित्राचें एकमेव जुनें हस्तलिखित त्या आगींत गेलें. आज तें चरित्र वाचतां येतें तें त्यापूर्वी झालेल्या नकलांमुळें आणि छापील प्रतींमुळें. तेव्हां बोस्टनजवळच्या विद्यार्थ्याला छापील संग्रहावरच भिस्त ठेवणें प्राप्त होतें. जॉन केंबल यांनीं १८३९ ते १८४८ या काळांत अँग्लो-सॅक्सन सनदांचे सहा खंड छापले आणि जी सनद आपणांस संशयास्पद वाटली तिच्यापुढें एक तारका छापली. मठांतील भिक्षूंनीं आपल्या जमिनी राखण्यासाठीं मागाहून सनदा रचल्या, असें इंग्लंडांत सर्रास घडलें होतें. आपल्याकडील वतनांच्या तंट्यांतील कागद ज्यांनीं चाळले आहेत त्यांना याचें नवल वाटणार नाहीं. त्या तारकेचा अर्थ माहीत नसलेला विद्यार्थी खोटी सनद खरी म्हणून उतरून घेईल. ती तारका दाखविणारा माणूस त्या कपाटापाशीं उभा असावा लागतो.

पुढें ॲडम्सनें हेन्री कॅबट लॉज, अर्नेस्ट यंग आणि जेम्स लॉरेन्स लॉफलिन या तिघांस आपल्या घरच्या पुस्तकांतही बसविलें. जमिनीचा कायदा लॉजनें, कुटुंबाचा यंगनें आणि न्यायाच्या कामकाजाची रीत लॉफलिननें घेतली. न्यायसभांवर ॲडम्सनें स्वतः लिहिलें. १८७६ सालीं या चौघांचे निबंध एका ग्रंथांत प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षीं तिघां विद्यार्थ्यांस डॉक्टरची पदवी मिळाली. शिक्षकानें विद्यार्थ्यांच्या रांगेंत आपलाही निबंध ठेवावा, ही गोष्ट त्या काळीं अपूर्व होती, आणि आजही फारशी आढळत नाहीं.

परंतु राखीव कपाटाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ती या जमिनीच्या कायद्यांतल्याच एका शब्दावरून स्पष्ट होते. अँग्लो-सॅक्सन कागदांत जमिनीचे दोन प्रकार येतात : बुकलँड आणि फोकलँड. बुकलँड म्हणजे राजाच्या लेखी सनदेनें मिळालेली जमीन, याविषयीं वाद नाहीं. फोकलँड म्हणजे काय? हा शब्द उपलब्ध साऱ्या कागदांत मिळून अवघा तीन ठिकाणीं आढळतो : थोरल्या एडवर्ड राजाच्या एका कायद्यांत, ८५८ सालच्या एका सनदेंत आणि नवव्या शतकाच्या उत्तरार्धांतील आल्फ्रेड नांवाच्या एका सरदाराच्या मृत्युपत्रांत. हा सरदार आपली बुकलँड बायकोमुलांना वांटून देतो. मुलाविषयीं मात्र म्हणतो कीं, राजाची मर्जी असेल तर फोकलँडही त्याला मिळावी. राजाची मर्जी कशाला?

जॉन ॲलन या गृहस्थांनीं १८३० सालीं याचें उत्तर असें दिलें कीं, फोकलँड ही साऱ्या राष्ट्राच्या मालकीची जमीन होती, म्हणून राजाची संमति लागे. हें उत्तर मोठमोठ्या पंडितांनीं उचललें आणि साठ वर्षें तें निर्विवाद मानलें गेलें. हे ॲलन लंडन येथील हॉलंड हाउसचे ग्रंथपाल; ग्रंथपालाचा शब्दही तपासूनच घ्यावा लागतो तो असा. १८९३ सालीं पॉल विनोग्राडॉफ या रशियन पंडितानें तेच तीन उतारे पुन्हां वाचले. त्याचें म्हणणें असें कीं, फोकलँड म्हणजे लोकांच्या रूढीनें, सनदेवांचून, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जमीन. अशी जमीन भाऊबंदांचा हक्क डावलून मृत्युपत्रानें देतां येत नसे, म्हणून राजाची संमति. आपल्याकडील सनदी इनाम आणि मिरास यांचा भेद मनांत आणला तर हा अर्थ लवकर समजतो, जरी दोन्ही देशांतील व्यवस्था सर्वस्वीं सारख्या नव्हत्या.

आणि विनोग्राडॉफचा हा अर्थ नवा नव्हता. सतराव्या शतकांत सर हेन्री स्पेलमन यांनीं आपल्या कोशांत जवळजवळ हेंच लिहून ठेविलें होतें. ॲलन यांच्या नव्या उपपत्तीनें तो कोश मागें पडला. राखीव कपाटांत शिक्षक स्वाभाविकपणें नवे आणि मान्य ग्रंथ ठेवतो. जुना, टाकून दिलेला कोश आंतल्या दालनांत धूळ खात राहतो. विद्यार्थ्यानें फक्त राखीव कपाटच वाचलें तर शिक्षकाला जें ठाऊक आहे तेंच फिरून त्याच्या हातीं पडेल. अशा वेळीं जें कपाट विद्यार्थ्याच्या सोयीसाठीं मांडलें तेंच त्याच्याभोंवतीं कुंपण होऊन बसतें.

हें कुंपण ओलांडण्याचा मार्ग हार्व्हर्डमध्यें एका ग्रंथपालानेंच काढला. १८७७ सालीं सिब्ली निवृत्त झाले आणि त्यांच्या जागीं जस्टिन विन्सर आले. बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा नऊ वर्षांचा अनुभव त्यांच्या गांठीं होता; १८७६ सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन ग्रंथालय संघाचे ते पहिले अध्यक्ष; आणि ते स्वतः इतिहासकार होते. राखीव ग्रंथांची पद्धति त्यांनीं इतर शिक्षकांपर्यंत वाढविली, परंतु तेवढ्यावर न थांबतां आंतल्या दालनांत, प्रत्यक्ष कपाटांपर्यंत, जाण्याची वाटही ते विद्यार्थ्यांस मोकळी करूं लागले. १८८० सालीं त्यांनीं आणि रॉचेस्टर येथील ओटिस रॉबिन्सन यांनीं महाविद्यालयांतील ग्रंथालय शिक्षणास कसें उपकारक होतें यावर एक पुस्तिका लिहिली. रॉबिन्सन हे गणिताचे प्राध्यापक आणि ग्रंथपाल अशीं दोन्ही कामें करीत. दैवाचा खेळ असा कीं, ज्या १८७७ सालीं विन्सर आले त्याच सालीं ॲडम्स विद्यापीठ सोडून वॉशिंग्टनला गेला. एकमेकांस सर्वांत अनुरूप असा हा शिक्षक आणि हा ग्रंथपाल यांची जोडी जमलीच नाहीं.

अमेरिकेंतील ही ग्रंथालयविद्या मराठी राज्यकर्त्याच्याच हातून हिंदुस्थानांत आली. सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन यांस बडोद्यास आणविलें. त्याच वर्षीं पुण्यास राजवाडे आणि मेहेंदळे यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, म्हणजे कागद जमूं लागले. शाळा-महाविद्यालयांत या दोन्ही गोष्टींची सांगड घालावयाची तर तिला फार खर्च लागत नाहीं. शिक्षकानें प्रश्न विद्यार्थ्यांस सांगण्यापूर्वी पंधरा दिवस आधीं ग्रंथपालास सांगावा. नुसती यादी चपराशाबरोबर पाठवूं नये. "यादवकालीन समाज" असा विषय न देतां एखादें गांव, एखादा शिलालेख, एखादा मोडी महजर द्यावा, म्हणजे ग्रंथपालास काय शोधावयाचें तें कळेल. ग्रंथपालानें यादींतील ग्रंथ तर काढावेतच, शिवाय शिक्षकानें न मागितलेला, त्याच्या मताविरुद्ध जाणारा एक जुना ग्रंथ त्यांत ठेवावा आणि तसें शिक्षकास सांगावें. पहिल्या दिवशीं वर्ग ग्रंथालयांतच भरवावा. कोणत्या संग्रहांत शंकित कागद कसे दर्शविले आहेत हें ग्रंथपालानें तेथें, ग्रंथ उघडून, बोटानें दाखवावें. शिक्षकानें त्या वेळीं दुसऱ्या कामास निघून न जातां विद्यार्थ्यांच्या बांकावर बसून तें ऐकावें.