हजार युजर, एकच सीट!

दिवाळीला घरी जायचं म्हणजे तत्काळ तिकीट आलंच! एसीचं बुकिंग सकाळी १० ला आणि नॉन-एसीचं ११ ला, अशी वेळ २०१५ साली वेगळी केली ती वेबसाइटवरची गर्दी विभागावी म्हणून. एवढी गर्दी झेपेल का, हे आधीच तपासणं म्हणजे लोड टेस्ट.

पण नुसतं होमपेज हजारदा उघडून काही कळत नाही. तळेगाव-कामशेतला गाडी आरामात पळते. खरा कस लागतो घाटात. कर्जतहून लोणावळ्याकडे येताना १:३७ चा चढ आहे, म्हणून मागून बँकर इंजिनं लावतात. वेबसाइटचा घाट म्हणजे पेमेंट आणि सीट देणं. तेव्हा लॉगिनपासून तिकिटापर्यंतचा सगळा प्रवास टेस्टमध्ये हवा.

जेमीटर हे टूल फुकट मिळतं. त्यात खोटे युजर तयार करा, पण टेस्ट स्वतःच्याच सर्व्हरवर हं! प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. फॉर्म भरायला माणसाला लागतो तेवढा वेळ मध्ये सोडा. काहीजण नुसती सीट बघून निघून जातात, तेही धरा. मग सगळ्यांना शेवटच्या एका सीटवर सोडा. त्या सीटची दोन तिकिटं निघाली, तर साइट कितीही फास्ट असो, नापास!

आणि सरासरीवर जाऊ नका. ९५ जणांना १ सेकंद आणि ५ जणांना ४१ सेकंद लागले, तरी सरासरी ३ सेकंदच येते. रिपोर्ट छान दिसतो, पण त्या पाचजणांची दिवाळी मात्र हॉस्टेलवर!