जुन्या वास्तूंची राखण

सोलापूरच्या मुलखातील माळवदाचे घर जर शंभर-दीडशे वर्षे उभे राहिले असेल, तर ते त्याच्या भक्कम तुळयांच्या जोरावर जेवढे उभे राहिले, तेवढेच दरसाल मृगापूर्वी त्याच्या छतावर पडणाऱ्या पांढऱ्या मातीच्या पाट्यांमुळे उभे राहिले. खांबांवर तुळई, तुळईवर सर, सरांवर किलचा, किलचांवर पाला आणि चिखल, आणि त्या सर्वांवर पाणी न मुरू देणारी पांढरी माती, अशी ही रचना असते. वैशाखात जुने छत तपासावे, भेगा बुजवाव्यात, नवी माती टाकून ती चोपून घ्यावी, पन्हळींची तोंडे मोकळी करावीत, हा क्रम ज्या घरात चुकला नाही त्या घराला काळ सहसा शिवत नाही. आणि ज्या घरात तो दोन-तीन पावसाळे चुकला, त्या घराचे माळवद एखाद्या श्रावणाच्या झडीत खाली बसते, मग भिंती कितीही जाड असोत. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयी जे जे लिहिले आणि बोलले जाते त्याचा गाभा मला या मातीच्या पाटीत दिसतो. वास्तू टिकते ती एकदाच केलेल्या मोठ्या खर्चाने नव्हे, तर अखंड आणि नियमित देखरेखीने. म्हणून वास्तुरक्षणाचे काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेला, मग ती सरकारी असो वा खासगी, एकच प्रश्न विचारला पाहिजे: या देखरेखीची कायमची मोईन तुम्ही कशी लावून दिली आहे?

पूर्वी अशी मोईन होती. देवळाला इनाम जमीन असे आणि तिच्या उत्पन्नातून दिवाबत्ती, पूजा व डागडुजी चाले. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस यांची नेमणूक असे, आणि तटबंदीची निगा हा कारखानिसाच्या हिशेबातील एक नित्याचा विषय असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे विस्तृत प्रकरण आहे, त्यात तटावर उगवणारी झाडे वरचेवर काढून टाकण्याचीही आज्ञा आहे. हे वाचून सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याकडे पाहावे. तोफांना जे जमले नाही ते दगडांच्या सांध्यांत रुजलेले पिंपळाचे एक रोपटे शांतपणे साधते, हे अमात्यांना पुरते ठाऊक होते. इंग्रजी अमलात किल्ल्यांचे प्रयोजन सरले, गावगाड्याची घडी विस्कटली, आणि वास्तू जागच्या जागी राहिल्या तरी त्यांची निगा राखणारी माणसे व ती निगा पोसणारे उत्पन्न हळूहळू नाहीसे झाले. आधुनिक काळातील वास्तुरक्षक संस्थांचा जन्म या पोकळीतून झालेला आहे.

भुईकोटाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बहमनी काळात उभारलेला, दुहेरी तटाचा, एका अंगाला सिद्धेश्वराच्या तलावाचे पाणी आणि इतर अंगांना खंदक असलेला हा किल्ला दख्खनच्या राजकारणात इतका मोलाचा होता, की अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यात त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडा चालला, आणि चांदबिबीचा विवाह अली आदिलशहाशी झाला तेव्हा तो आंदण म्हणून विजापूरकडे गेला. त्याच्या तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड आणि शिलालेख बसविलेले आढळतात, आत एका प्राचीन मंदिराचे अवशेष आहेत. म्हणजे एकाच भिंतीत कित्येक शतकांचे दफ्तर साठविलेले आहे. १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोच्या फौजेने तो पेशव्यांच्या सैन्याकडून घेतला. आज तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ताब्यात आहे.

हा विभाग १८६१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या प्रयत्नाने सुरू झाला. लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीत १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला. १९२३ मध्ये जॉन मार्शल यांनी जतनाची जी नियमपुस्तिका सिद्ध केली तिने मूळ बांधकामाला धक्का न लावण्याचा दंडक घालून दिला. आणि स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या अधिनियमाने या सर्वाला आजचे रूप मिळाले. देशभरातील साडेतीन हजारांहून अधिक स्मारके या छत्राखाली येतात. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून त्यापुढील दोनशे मीटरांत ते परवानगीनेच करता येते. किल्ल्याभोवती वस्ती दाटलेल्या सोलापुरासारख्या शहरात हा नियम घरमालकाला जाचक वाटतो, आणि त्याची अडचण खोटी नसते. तथापि हे कुंपण नसते, तर तटाला टेकून किती मजले उभे राहिले असते याची कल्पना करणे कठीण नाही. कायद्याची शक्ती निषेधात आहे. तो पाडण्यापासून रोखू शकतो, पण माती टाकू शकत नाही.

केंद्राच्या यादीत जी स्मारके नाहीत त्यांतील काहींचा भार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयावर आहे. मनुष्यबळ थोडे आणि मुलूख मोठा, ही त्या खात्याची स्थिती असल्यामुळे महाराष्ट्र शासनाने ‘महाराष्ट्र वैभव राज्य संरक्षित स्मारक संगोपन योजना’ आखली. तीत स्मारकाची मालकी शासनाकडेच राहते आणि संगोपनाची जबाबदारी ठरावीक मुदतीच्या कराराने एखाद्या संस्थेला किंवा उद्योगाला घेता येते. या योजनेचे ठळक उदाहरण सोलापूरच्या शेजारीच आहे. धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गाचे संगोपन २०१४ साली युनिटी मल्टिकॉन्स या सोलापूरच्या कंपनीने स्वीकारले. बोरी नदीचे पाणी किल्ल्यात वळवून त्यावर इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात १६१३ साली जो बंधारा घातला गेला, त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात आणि आत उभा असलेला मनुष्य पाण्याच्या पडद्यामागे कोरडा राहतो. स्थापत्य आणि जलशास्त्र यांचा इतका रम्य संगम महाराष्ट्रात क्वचितच दुसरीकडे आढळेल. ज्या किल्ल्यात झाडोऱ्यामुळे वाट सापडू नये अशी अवस्था होती, तेथे करारानंतर साफसफाई झाली, वाटा आणि बागा झाल्या, प्रवासी येऊ लागले. बागा आणि करमणुकीची साधने किती असावीत, याविषयी मतभेद होऊ शकतात. माझे स्वतःचे मत असे की अशा ठिकाणी जेवढे कमी मांडावे तेवढे बरे. परंतु तिकिटाच्या उत्पन्नातून निगेचा खर्च भागविण्याची ही कल्पना जुन्या इनामाच्या जवळ जाणारी आहे, आणि ती टाकाऊ नाही.

सर्वच संस्था सनद आणि शिक्का घेऊन जन्मत नाहीत. दक्षिण सोलापूर तालुक्यात, सीना जेथे भीमेला मिळते तेथे, हत्तरसंग कुडलचे संगमेश्वर मंदिर आहे. त्याच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख असून त्यातील मराठी ओळीमुळे त्याची गणना मराठीच्या आद्य शिलालेखांत होते. या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी. कोणत्याही विद्यापीठाच्या अधिष्ठानावाचून जिल्ह्यातील गावोगाव हिंडून, पडक्या देवळांच्या पायऱ्यांवर आणि पारांवर पडलेले शिलालेख शोधून, त्यांचे ठसे घेऊन, कानडी आणि मराठी वाचनाचा व्यासंग आयुष्यभर चालविणारे हे गृहस्थ म्हणजे एकट्याने चालविलेले एक संशोधन मंडळच होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. संगमेश्वराच्या शेजारचे हरिहरेश्वर मंदिर तर मातीच्या ढिगाखाली गाडले गेले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरच्या इतिहासप्रेमी मंडळींच्या श्रमांनी ती माती निघाली, वर्तुळाकार स्वर्गमंडप मोकळा झाला, आणि शेकडो मुखे कोरलेले ते विलक्षण शिवलिंग हाती लागले. ज्या ठिकाणाची कोणाला वार्ता नाही त्याचे रक्षण कोणी करू शकत नाही. म्हणून नोंद घेणारा मनुष्य हा वास्तुरक्षणाच्या साखळीतील पहिला आणि माझ्या मते सर्वांत उपेक्षित दुवा आहे.

नगराची कथा निराळी आहे. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली, जिला पुढे साऱ्या शहराने जुनी गिरणी हेच नाव दिले. आणि योगायोग असा, की त्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम मॉरिस याने ‘सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज’ ही मंडळी स्थापन केली. इंग्लंडमधील जुनी चर्चे जीर्णोद्धाराच्या नावाखाली खरवडून नवीकोरी केली जात होती, ते पाहून मॉरिस अस्वस्थ झाला, आणि जुने रूप कल्पनेने पुन्हा घडविण्यापेक्षा रोजच्या निगेने आहे ते सावरावे, असे त्याने निक्षून सांगितले. सोलापूरच्या गिरण्यांना अशी मंडळी लाभली नाही. लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांच्या भोंग्यांवर या शहराची घड्याळे लागत. त्या बंद पडल्या तेव्हा कामगारांच्या पोटाचा प्रश्न एवढा दारुण होता की इमारतींचा विचार करण्यास कोणाला उसंत नव्हती. पण ज्या भिंतींआड हजारो तेलुगू, कानडी आणि मराठी कुटुंबांनी आपले आयुष्य विणले, त्यांतील एखादे तरी दालन यंत्रांसह जसेच्या तसे राखले गेले असते, तर ते सोलापूरच्या इतिहासाचे सर्वांत प्रामाणिक संग्रहालय झाले असते, ही खंत मनातून जात नाही.

त्या मानाने इंद्रभुवन सुदैवी. अप्पासाहेब वारद यांनी मोठ्या हौसेने बांधविलेल्या या प्रासादात पुढे महापालिकेचे कार्यालय आले, आणि कारभार चालू असल्यामुळेच वास्तू जिवंत राहिली. स्मार्ट सिटी योजनेच्या काळात तिचे शास्त्रशुद्ध जतन करण्यात आले. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली ज्या घरात झाला, ते घरही महापालिकेने स्मारक म्हणून सांभाळले आहे. दोन्हीकडे दरवाजा रोज उघडतो, आणि ज्या वास्तूचा दरवाजा रोज उघडतो तिची गळती लवकर ध्यानात येते.

खासगी क्षेत्रातील सर्वांत विस्तृत संस्था म्हणजे १९८४ साली दिल्लीत स्थापन झालेला भारतीय राष्ट्रीय कला व सांस्कृतिक वारसा न्यास, म्हणजेच इंटॅक. सोलापुरासह देशभरच्या शाखांतून ती वास्तूंची यादी करते, तज्ज्ञांचा सल्ला मिळवून देते, नागरिकांना वारसास्थळे हिंडून दाखविते. तिने २००४ मध्ये जी सनद प्रसिद्ध केली, तिचे महत्त्व मला विशेष वाटते. कारण कोणत्याही सरकारी यादीत नसलेल्या वास्तू हाच खरा बहुसंख्य वारसा आहे, आणि परंपरागत कारागिरांची विद्या ही वास्तूइतकीच जतन करण्याजोगी आहे, हे तीत स्पष्टपणे मान्य केलेले आहे.

या कारागिरीची किंमत पंढरपुरात अलीकडे कळून आली. विठ्ठल मंदिराला मूळ रूप देण्याचे सुमारे ७३ कोटींचे काम राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या मार्गदर्शनाखाली हाती घेण्यात आले आणि त्यासाठी २०२४ च्या मार्चपासून पदस्पर्शदर्शन काही आठवडे थांबविण्यात आले. कालांतराने घातलेल्या फरशा आणि चढविलेले रंग उतरवावे लागले, तेव्हा कुठे आतला कोरीव पाषाण श्वास घेऊ लागला. आणि काम चालू असताना एक तळघरही उघडकीस येऊन त्यात मूर्ती सापडल्या. गावोगावच्या देवळांना जी तैलरंगाची आणि सिमेंटची बाधा झाली आहे ती याच जातीची. घाणीचा चुना, म्हणजे बैलांच्या घाणीत वाळूसह मळलेला, गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालून मुरविलेला चुना, भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो आणि भिंत किंचित हलली तर स्वतः झिजून दगडविटांना वाचवितो. सिमेंट ओल कोंडते आणि कालांतराने आपल्यासोबत जुन्या बांधकामाचा पापुद्रा घेऊन सुटते. सद्‌हेतूने केलेली अशी डागडुजी दुर्लक्षापेक्षाही अधिक हानी करते.

सर्वांत अवघड प्रश्न गावचा आहे. करमाळ्याच्या कमलाभवानीपाशी असलेली शहाण्णव पायऱ्यांची विहीर देवस्थानामुळे नांदती आहे. पण ज्या बारवेला देव नाही आणि नळ आल्यामुळे पाणीही लागत नाही, ती उकिरड्याने भरते. महाराष्ट्र बारव मोहिमेतील तरुणांनी गेल्या काही वर्षांत अशा कितीतरी बारवांची नोंद केली, गाळ उपसला, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावले. हे काम थोर आहे. वाड्याची आणि गढीची गोष्ट मात्र श्रमदानाने सुटण्यासारखी नाही. चौसोपी वाड्याच्या उताऱ्यावर वीस-पंचवीस वारसांची नावे असतात, त्यांतील काही पुण्यात, काही परदेशात, आणि सर्वांची संमती मिळेपर्यंत माळवद कोसळून जाते. मग सागवानी खांब, कोरीव हस्त आणि दारांच्या चौकटी शहरातील जुन्या सामानाच्या बाजारात जातात, आणि तेथून एखाद्या हॉटेलच्या शोभेस. इंग्लंडात १८९५ साली स्थापन झालेला नॅशनल ट्रस्ट अशा घरांचा स्वीकार करून त्यांची व्यवस्था पाहतो. आपल्याकडे ग्रामपंचायत, देवस्थान आणि वारस यांचा मिळून छोटासा विश्वस्त निधी करता येण्यासारखा आहे, मोठी अडचण आहे ती पुढाकाराची. एका खणाचे भाडे, एखाद्या वाचनालयाला दिलेला सोपा, वाड्यातच भरणारी बालवाडी, एवढ्यावरही दरसालच्या मातीचा खर्च निघू शकतो.

ग्रामसभेने आपल्या हद्दीतील वेस, बारव, गढी, चावडी, वीरगळ आणि वाडे यांची नोंदवही करावी आणि अंदाजपत्रकात पावसाळ्यापूर्वीच्या निगेसाठी एक लहानशी रक्कम नियमाने धरावी, असे मला सुचवावेसे वाटते. त्या नोंदवहीचे पहिले पान मात्र वास्तूंना देऊ नये. पंचक्रोशीत माळवद घालणारे, चुना मळणारे, किलचा बसविणारे जे वृद्ध कारागीर आज हयात आहेत त्यांची नावे प्रथम लिहावीत, आणि त्या प्रत्येकाच्या हाताखाली दोन तरुण गवंडी निदान एका हंगामापुरते तरी पगार देऊन ठेवावेत.