न खोकणारा टीबी

लेकराचं पोट दुखायला लागलं की आधी ओवा, मग जंताची गोळी, तरीही थांबलं नाही तर दृष्ट. आमच्या मळवली गावातल्या घरांत काय किंवा इथून पुण्याला गेलेल्या बिऱ्हाडांत काय, क्रम सहसा हाच. त्यात टीबीचं नाव येत नाही, कारण टीबी म्हणजे खोकला हे डोक्यात घट्ट बसलेलं. पोटाचा टीबी मात्र खोकत नाही. कित्येक मुलांचा छातीचा एक्स-रे स्वच्छ निघतो आणि सगळे गाफील राहतात.

बारीक ताप, उतरतं वजन, फुगलेलं पोट हे नेहमीचं चित्र डॉक्टर ओळखतात. फसवतात ती याची सोंगं. उजवीकडे खाली एकाएकी कळ येते, अपेंडिक्स समजून पोट उघडतात आणि आत सुजलेल्या गाठी दिसतात. लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथंच या जंतूंचा आवडता मुक्काम. कुणाला कावीळ होते, कारण गाठींनी पित्तनलिका दाबलेली असते. त्याच गाठी यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेवर आल्या तर प्लीहा वाढते, रक्ताची उलटीही होते. क्वचित आतड्यांभोवती रेशीमकोशासारखं आवरण धरतं आणि अन्नाची वाट अडते. क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या आजाराचे व्रणही याच जागी, असेच दिसतात. टीबीलाच क्रोन्स समजून नुसती स्टेरॉइड दिली, तर जंतूंना मोकळं रान मिळतं.

जंतू बहुधा खोकणाऱ्या मोठ्या माणसाकडून येतात. श्वासातून फुप्फुसात, तिथून रक्तातून किंवा गिळलेल्या कफातून पोटात. दुसरी वाट दुधाची. धारोष्ण दुधाचं आपल्याला भारी कौतुक, पण गाईला टीबी असेल तर तो त्यातून येऊ शकतो. उकळलेल्या दुधात हे जंतू टिकत नाहीत.

सोनोग्राफी, पोटातल्या पाण्याची तपासणी, गाठीच्या तुकड्याची तपासणी, टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी असं सगळं करूनही जंतू सापडतीलच असं नाही. ते फार थोडे असतात. म्हणून ‘घरात कुणी खोकतंय का?’ हा प्रश्न महागड्या तपासणीइतकाच मोलाचा.

उपचार साधारण ६ महिन्यांचे. कार्ला गावातल्यासारख्या सरकारी आरोग्य केंद्रांतून औषधं फुकट मिळतात आणि नोव्हेंबर २०२४पासून पोषणासाठी महिना ५०० ऐवजी १००० रुपये. औषध लागू पडत असतानाही काही मुलांच्या गाठी आधी वाढतात. ‘गोळ्या बाधल्या’ म्हणून त्या बंद होतात, त्या नेमक्या याच दिवसांत.