बॅटरी भरलेली, तरी मीटर चालू

नाशिकच्या इंदिरानगर भागात राहणारे आमचे एक स्नेही माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. २०२४ च्या पावसाळ्यापूर्वी त्यांनी घराच्या गच्चीवर ३ किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले आणि त्याला ३ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर व ५ युनिट ऊर्जा साठवणारी लिथियमची बॅटरी जोडली. नेट मीटरचा अर्ज करायचा त्यांच्याकडून राहून गेला होता. त्यामुळे जास्तीची वीज बाहेर न पाठवण्याच्या, म्हणजे 'शून्य निर्यात' पद्धतीवर इन्व्हर्टर चालवला जात होता. दिवाळी झाली, आकाश निरभ्र झाले, बॅटरी रोज दुपारपर्यंत भरू लागली आणि सकाळपर्यंत तिच्यात ३० टक्क्यांहून अधिक ऊर्जा उरू लागली. असे असूनही नोव्हेंबरचे बिल आले ४६ युनिटांचे.

"अहो, मोबाइलवर तर ग्रिडचा आकडा कायम शून्य दिसतो. मग ही वीज खातं कोण?" असे विचारत ते आमच्याकडे आले. मीटर सदोष असल्याची तक्रार करावी, असा सल्ला शेजाऱ्यांनी दिला होता. पुरवठादाराने आणखी एक बॅटरी घेण्याचे सुचवले होते. त्या बॅटरीची किंमत त्यांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती. निर्णय घेण्यापूर्वी आठ दिवस मोजमाप करू, असे आम्ही ठरवले.

४६ युनिट म्हणजे दिवसाला सुमारे दीड युनिट. हे दीड युनिट चोवीस तासांत सारखे वाटले तर सरासरी शक्ती येते जेमतेम ६४ वॅट. जुन्या काळच्या एका साध्या बल्बाएवढीच ही शक्ती आहे. परंतु असा एखादा बल्ब घरात कुठे लागलेला नव्हता.

मोजमापासाठी विशेष उपकरणाची गरज पडली नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एका युनिटला किती लुकलुकी होतात तो आकडा छापलेला असतो. या मीटरवर तो ३२०० होता. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. म्हणून दोन लुकलुकींमध्ये मीटरमधून ११२५ जूल ऊर्जा जाते. हातातल्या घड्याळाने दोन लुकलुकींमधील सेकंद मोजावेत आणि ११२५ ला त्या संख्येने भागावे, की त्या वेळची शक्ती वॅटमध्ये मिळते. चकतीच्या जुन्या मीटरवर फेरे मोजून हेच करता येत असे, मात्र फार लहान भारावर ती चकती जागची हलत नसे. नवे मीटर काही थोड्या वॅटांचीही नोंद घेते.

रात्री दहा वाजता आम्ही मीटरसमोर बसलो. दिवा दर २८ सेकंदांनी लुकलुकत होता. म्हणजे शक्ती ४० वॅट. फ्रिज, दिवे, दूरदर्शन संच सर्व चालू होते. मग आम्ही एकेक वस्तू बंद करत गेलो. दूरदर्शन बंद केला, तरी २८ सेकंद. तीन पंखे लावले, थोडे थांबलो, पुन्हा २८ सेकंद. घरातील भार ८० वॅटांवरून ३०० वॅटांपर्यंत नेला, पण मीटरवरच्या लुकलुकीचा ठेका बदलला नाही.

येथे आम्ही थोडे थबकलो, कारण कोडे येथेच सुटते. हे ४० वॅट एखाद्या उपकरणाचे असते, तर ते उपकरण बंद केल्यावर नाहीसे झाले असते. भार कितीही असला तरी तेवढेच राहणारे ४० वॅट कोणीतरी मुद्दाम राखलेले असणार. ते इन्व्हर्टरने राखले होते. ग्रिडवरून नेहमी ४० वॅट घ्यायचे व बाकीची गरज बॅटरीतून भागवायची, अशी त्याची मांडणी कारखान्यातूनच केलेली होती. मोबाइलवर हा आकडा न दिसण्याचे कारण अगदीच साधे निघाले. तेथे शक्ती किलोवॅटमध्ये एकाच दशांश स्थळापर्यंत दाखवली जात होती, ०.०४ किलोवॅटचे तेथे ०.० होतात.

कारखान्याने असे का करावे? यासाठी घरात वीज दोन बाजूंनी येते तेव्हा काय घडते ते पाहिले पाहिजे. आपण गीझरचे बटण दाबतो त्या क्षणी २००० वॅटांची मागणी निर्माण होते. ग्रिड ही मागणी तत्काळ पुरवते. तिला कोणी सांगावे लागत नाही. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातील २१० मेगावॅटचे संच असोत की कोयनेची जलचक्रे, ग्रिडला जोडलेली ही सर्व अवजड यंत्रे फिरत असतात आणि त्यांच्या फिरण्यातील गतिज ऊर्जेतून भारातली वाढ त्याच क्षणी भागते. गीझरच्या मागणीने त्यांचा वेग किती कमी होत असेल याची कल्पनाही करवत नाही, इतका तो फरक सूक्ष्म असतो.

ग्रिडला जोडलेल्या इन्व्हर्टरचे तसे नाही. किती प्रवाह सोडायचा हे त्याला ठरवावे लागते. मीटरजवळच्या तारेभोवती कड्यासारखा एक संवेदक, म्हणजे सीटी, बसवलेला असतो. आत येणारा प्रवाह वाढला हे सीटी सांगतो, इन्व्हर्टर हिशेब करतो आणि आपला प्रवाह वाढवत नेतो. आमच्या स्नेह्यांच्या घरी या साऱ्याला सुमारे दोन सेकंद लागत होते. तेवढा वेळ गीझर ग्रिडवर चालतो. उलट गीझर बंद होतो तेव्हाही इन्व्हर्टरला ते कळायला दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात त्याने सोडलेली जास्तीची वीज घरात न मावता मीटरमधून बाहेर पडते. लहानसहान चढउतारांनी अशी वीज बाहेर जाऊ नये, म्हणून ४० वॅटांची ती पुरचुंडी राखलेली असते.

दोन सेकंदांचे ते काय घेऊन बसलात, असे वाचकांना वाटेल. गीझरपुरते ते खरेच आहे. २००० वॅट गुणिले दोन सेकंद म्हणजे ४००० जूल, एका युनिटाच्या हजाराव्या भागाहून थोडे अधिक. पण स्वयंपाकघरातील इंडक्शनच्या शेगडीची गोष्ट वेगळी आहे. मंद आचेवर ठेवली की अनेक शेगड्या आपली शक्ती कमी करत नाहीत. पूर्ण शक्तीने काही सेकंद चालतात, काही सेकंद थांबतात. या घरची शेगडी दूध आटवताना पाच सेकंद १२०० वॅट घेई आणि पाच सेकंद बंद राही. म्हणजे इन्व्हर्टर जेमतेम जागा होतो तोच शेगडी झोपते आणि तो आवरतो तोच ती जागी होते! दर दहा सेकंदांना २४०० जूल ग्रिडवरून आत येतात आणि तेवढेच बाहेर जातात. तासाभरात अशी ३६० आवर्तने होतात. एकूण ८ लाख ६४ हजार जूल, सुमारे पाव युनिट.

आत आले तेवढेच बाहेर गेले, मग हिशेब शून्य व्हायला नको का? मीटर येथे आपल्यासारखा विचार करत नाही. आपण दिवसाची बेरीज-वजाबाकी करतो, मीटर त्या त्या क्षणाची शक्ती मोजते. नेट मीटरमध्ये आयात आणि निर्यात यांच्या दोन वेगळ्या नोंदी असतात आणि त्यांची वजाबाकी बिल करताना होते. नेट मीटर नसलेल्या घरात तर आणखी गंमत असते. तारा उलट जोडून वीजचोरी होऊ नये, म्हणून अनेक साधी इलेक्ट्रॉनिक मीटरे प्रवाहाची दिशा न पाहता ऊर्जा मोजतात. बाहेर गेलेली वीजही वापरात धरली जाते. आमच्या स्नेह्यांचे मीटर याच जातीचे होते. दूध आटत असताना त्याच्याकडे पाहिले तर शेगडी चालू होताना दोन लुकलुकी आणि बंद होतानाही दोन लुकलुकी स्पष्ट दिसत. आपण दिलेल्या विजेचेही पैसे आपणच मोजतो आहोत, हे पाहून सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

तिसरा हिस्सा मात्र सरळ होता. नाशिकच्या थंडीत सकाळी साडेसहाला गीझर, टाकी भरण्याची एक अश्वशक्तीची मोटर आणि स्वयंपाकघर असे सर्व एकदम चालत, मिळून ४ किलोवॅट. इन्व्हर्टर ३ किलोवॅटचा. बॅटरीत कितीही ऊर्जा असली तरी तिचे दार ३ किलोवॅटचेच आहे. वरचा एक किलोवॅट ग्रिडवरून येणार. वीस मिनिटांचा एक तृतीयांश युनिट. साठा आणि वेग, म्हणजेच ऊर्जा आणि शक्ती, यांतला फरक वर्गात समजावताना आपण टाकीचे आकारमान आणि नळाची तोटी यांचे उदाहरण देतो. ते उदाहरण येथे तंतोतंत लागू पडते.

आमचा जमाखर्च असा झाला: राखलेले ४० वॅट चोवीस तासांचे ०.९६ युनिट, सकाळचा जादा भार ०.३३, वीस मिनिटांच्या मंद आचेचे आत-बाहेर मिळून ०.१६. बेरीज १.४५, प्रत्यक्षात १.५३. उरलेला फरक बहुधा सीटीचा. १०० अँपियरपर्यंत मोजू शकणाऱ्या सीटीकडून पाव अँपियर अचूक मोजला जाण्याची अपेक्षा धरणे म्हणजे धान्याच्या काट्यावर सोने तोलणे होय.

या यादीत आणखी एका बॅटरीने कमी होईल असे काहीच नाही, हे ध्यानात आले असेल. मीटरही सदोष नव्हते.

आपल्या वाचकांपैकी अनेकांकडे लिथियम नसून जुना इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटऱ्या असतील, त्यांना नंतर पॅनेल जोडलेले असेल. तेथे न उमगणाऱ्या युनिटांचे कारण बहुतेक वेळा वेगळे असते. हे इन्व्हर्टर आपल्याकडे घरोघरी आले ते भारनियमनाच्या वर्षांत. वीज आली की लगेच बॅटरी भरून घ्यायची, कारण ती पुन्हा कधी जाईल सांगता येत नाही, हे त्यांना शिकवलेले आहे. रात्री थोडी वापरलेली बॅटरी ते पहाटे ग्रिडवरून भरून टाकतात. सूर्य वर येतो तेव्हा बॅटरीत जागाच नसते आणि पॅनेल रिकामे बसते. त्यातून शिसे-आम्लाच्या बॅटरीत घातलेल्या ऊर्जेपैकी पाचवा भाग तरी परत मिळत नाही, शिवाय जुना ट्रान्सफॉर्मर नुसता चालू राहण्यासाठीही काही वॅट घेतो. इन्व्हर्टरवर सौर ऊर्जेला अग्रक्रम देणारी मांडणी असेल तर ती निवडावी. नसेल तर वीज जाण्याची भीती नसलेल्या दिवसांत त्याचा मेन्सचा पुरवठा पहाटे बंद ठेवून पाहावा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्य घर' योजनेमुळे घरांच्या छपरांवर पॅनेल वाढत आहेत. त्यामुळे हे मोजमाप आठवी-नववीच्या मुलांना घरी करण्यास द्यायला हरकत नाही. मीटरवरचा आकडा प्रत्येकाने आपापला पाहावा, तो सर्वत्र ३२०० नसतो. वॅट काढण्यासाठी ३६ लाखांना तो आकडा आणि सेकंद यांच्या गुणाकाराने भागावे. रात्री सर्व निजल्यावर एकदा आणि सकाळच्या गर्दीत एकदा अशा दोन नोंदी पुरेत. मुलांनी केवळ दिवा पाहावा, पेटी उघडू नये. सीटीला हात लावणे तंत्रज्ञाचेच काम आहे.

आमच्या स्नेह्यांनी तंत्रज्ञाकडून ४० वॅटांचे १० वॅट करून घेतले. शून्य केले नाहीत, कारण मग फ्रिज बंद होण्यासारख्या प्रत्येक लहान बदलाबरोबर वीज बाहेर जाऊन दुहेरी मोजली गेली असती. मोटर गीझरनंतर लावायची ठरली, दूध गॅसवर गेले. डिसेंबरचे बिल १९ युनिटांचे आले. नेट मीटरचा अर्ज त्यांनी त्याच आठवड्यात भरला, आणि दुसऱ्या बॅटरीसाठी काढून ठेवलेल्या पैशांतून घरात सोलर वॉटर हीटर घ्यावा की काय, यावर सध्या त्यांच्याकडे खल चालू आहे.