काउंटरवरचा संशय

फेब्रुवारी २०२१. अमेरिकेतल्या टीडी बँकेच्या एका शाखेतल्या कर्मचाऱ्याने पाहिलं, की एका टोळीने एकाच दिवसात दहा लाख डॉलरहून अधिक रोकड भरून बँकेचे धनादेश काढून नेले आहेत. हे मनी लाँडरिंग नाही तर काय, असं त्याने मागच्या कार्यालयातल्या सहकाऱ्याला विचारलं. उत्तर आलं, शंभर टक्के तेच आहे. तोवर या टोळीने टीडीच्या शाखांमधून ४७ कोटी डॉलरहून अधिक पैसा धुऊन घेतला होता. काही कर्मचाऱ्यांना त्यासाठी गिफ्ट कार्डं मिळत होती, एकूण ५७ हजार डॉलरच्या वर. मोठ्या रोख व्यवहारांचे अहवाल सरकारला जात होते, पण पाचशेहून अधिक अहवालांत प्रत्यक्ष पैसे भरणाऱ्या म्होरक्याचं नावच नव्हतं. ऑक्टोबर २०२४मध्ये बँकेने गुन्हा कबूल केला आणि ३०० कोटी डॉलरहून अधिक दंड मान्य केला.

संशयास्पद पैसा ओळखण्याच्या प्रशिक्षणाबद्दल बोलायचं तर हे प्रकरण अडचणीचं आहे. इथे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, तरी वळलं नाही.

भारतात काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा कायदा, म्हणजे पीएमएलए, २००२चा. तो अमलात आला १ जुलै २००५ रोजी. त्याआधी २००४मध्ये दिल्लीत अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीत फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट, बँकवाल्यांच्या तोंडी ‘एफआययू’, सुरू झालं होतं. हे युनिट धाडी घालत नाही. देशभरातून येणारी माहिती जुळवून ती ईडी, पोलीस, प्राप्तिकर खातं यांच्याकडे पाठवणं हे त्याचं काम. दहा लाख रुपयांवरच्या रोख व्यवहारांची माहिती, म्हणजे सीटीआर, दर महिन्याला आपोआप जाते. तिथे डोकं चालवावं लागत नाही. डोकं लागतं ते एसटीआरला, संशयास्पद व्यवहाराच्या अहवालाला. त्याला रकमेची मर्यादाच नाही. दोन हजारांचा व्यवहारही संशयास्पद असू शकतो आणि दोन कोटींचा अगदी सरळ. हा फरक करायला शिकवायचं, म्हणजे प्रशिक्षण.

चांगल्या वर्गात काय चालतं, ते एका नमुन्यावरून कळेल. प्रशिक्षक खातेउताऱ्याचा कागद वाटतो. खातेदार एकोणीस वर्षांचा विद्यार्थी. दोन वर्षं खात्यात फक्त शिष्यवृत्ती आणि घरून येणारे दोन-तीन हजार. मग एका मंगळवारी सकाळी एक रुपया जमा होतो. अर्ध्या तासात चार राज्यांतल्या चार अनोळखी खात्यांमधून यूपीआयने प्रत्येकी ४९ हजार. दहा मिनिटांत सगळी रक्कम पुढे तीन खात्यांत. संध्याकाळी शिल्लक ३१२ रुपये. विचारलं जातं, ‘काय दिसतंय?’ नवखे म्हणतात, मोठी रक्कम. जाणकार त्या एका रुपयावर बोट ठेवतो. खातं चालू आहे की नाही, ते कुणीतरी तपासून पाहिलंय. पैसा मुक्कामाला आलेलाच नाही, नुसता पाय लावून गेलाय. हे ‘म्यूल’ खातं, भाड्याने दिलेलं. फसवणुकीचा पैसा पळवायला अशीच खाती लागतात.

मग दुसरी पायरी, लिहिण्याची. ‘खातेदाराचे व्यवहार संशयास्पद वाटतात’ असं लिहिलेला एसटीआर तपास अधिकाऱ्याच्या काहीच कामाचा नाही. कोण, केव्हा, किती, कुठून कुठे, आणि त्याच्या ओळखीशी हे का जुळत नाही, एवढं चार ओळींत आलं पाहिजे. वर्गात यावरच सगळ्यात जास्त लाल पेन चालतं. अहवाल गेल्याचं गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही, ही कायद्याची सक्त अट. प्रश्न विचारल्याने तो सावध होईल असं वाटलं तर विचारूही नका, थेट कळवा, असं रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात. काउंटरवर मात्र ‘काका, एवढी रक्कम कशाची?’ हा साधा प्रश्नच निम्मं काम करतो. सरळ माणूस जमीन विकली म्हणून सांगतो आणि खरेदीखताची प्रत आणून देतो.

दहशतवादासाठीचा पैसा ओळखायला मात्र वेगळी नजर लागते. मनी लाँडरिंगमध्ये पैसा आधी मळलेला असतो आणि रक्कम मोठी असते. इथे पैसा बऱ्याचदा स्वच्छ कमाईचा, देणगीचा, आणि रक्कम किरकोळ. २६/११च्या हल्ल्यात मुंबईतल्या अतिरेक्यांशी पाकिस्तानातले सूत्रधार इंटरनेटवरून फोन करत होते. त्या फोनसेवेचं बिल हल्ल्याच्या आदल्या दिवशी इटलीतल्या ब्रेशा शहरातून वेस्टर्न युनियनमार्फत भरलं गेलं. रक्कम होती २२९ डॉलर. पाठवणारा म्हणून ज्याचं नाव लावलं होतं, तो इटलीत कधी गेलाच नव्हता. ११ सप्टेंबरच्या हल्लेखोरांनी तर अमेरिकी बँकेत स्वतःच्याच नावाने खाती उघडली होती. हल्ल्यापूर्वी त्यांच्याविषयी एकाही बँकेने संशयाचा अहवाल दिला नव्हता, आणि त्या व्यवहारांत चौकशी आयोगालाही वावगं फारसं दिसलं नाही. म्हणून इथे रकमेकडे बघून भागत नाही. ओळखपत्र खरं आहे का, एकाच काउंटरवरून तेच नाव पुन्हा पुन्हा येतंय का, पैसा कुठे निघालाय, हे बघावं लागतं.

इथेच प्रशिक्षण सर्वात जास्त घसरतं. संशय वागण्यावर घ्यायचा, आडनावावर नाही, हे ठणकावून सांगितलं नाही तर शाखेतला पूर्वग्रहच नियम होऊन बसतो. एखाद्या वस्तीतली खाती उगाच अडतात, छोट्या संस्थांच्या देणग्या लटकतात, आणि मुरलेला गुन्हेगार सफाईने निसटतो. पैशाच्या गुन्ह्यांवर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटाने २०२४च्या अहवालात भारताला चांगले गुण दिले, पण सेवाभावी संस्थांच्या बाबतीत जोखीम पाहून पावलं टाका, असंही बजावलं.

आता ही जबाबदारी बँकेपुरती राहिलेली नाही. २०२०च्या डिसेंबरपासून ठरावीक उलाढालीवरचे मालमत्ता दलाल आणि मोठे रोख व्यवहार करणारे सराफ, मार्च २०२३मध्ये क्रिप्टोवाले आणि मे २०२३मध्ये ठरावीक कामांपुरते चार्टर्ड अकाउंटंट व कंपनी सेक्रेटरी कायद्याच्या कक्षेत आले. अशिलासाठी कंपनी काढून देणाऱ्या सीएने तिचा खरा मालक कोण, हे आता विचारायला हवं. जुन्या, घरोब्याच्या अशिलाला हे विचारणं जड जातं. शाखा व्यवस्थापकाचीही तीच गत. ठेवींचं उद्दिष्ट डोक्यावर असताना गावातल्या सर्वांत मोठ्या व्यापाऱ्याविषयी संशय कळवायचा कोणी? त्यामुळे रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलेलं प्रशिक्षण अनेक ठिकाणी संगणकावरच्या वीस प्रश्नांत संपतं. उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र फायलीत लागतं.

यंत्रं मदतीला आली आहेत. म्यूल खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ ही प्रणाली तयार केली आहे. पण यंत्र फक्त घंटा वाजवतं, पुढचा निर्णय माणसाचाच. टीडीकडेही यंत्रं होती. २०१८ ते २०२४ या काळात ९२ टक्के उलाढाल त्यांच्या नजरेखाली आणायचीच नाही, हे खर्च वाचवण्यासाठी माणसांनीच ठरवलं होतं. काउंटरवरच्या कारकुनाला शिकवून उपयोग तेव्हाच, जेव्हा त्याचा अहवाल दाबला जाणार नाही आणि गिऱ्हाईक गमावलं म्हणून त्याची बदली होणार नाही. वरिष्ठांची शाळा आधी भरायला हवी.

वाचकांसाठी दोन गोष्टी. बँकेत पैशाचा स्रोत विचारला तर अपमान मानू नका, कागद दाखवा. आणि घरातल्या कॉलेजच्या मुलाला विचारा, ‘महिना पाच हजार देतो, फक्त खातं आणि एटीएम कार्ड वापरायला दे’ असं कुणी म्हणालंय का? म्हणालं असेल तर आजच बँकेला कळवा, पैसा आला-गेला असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. भाडं देणारा सापडत नाही. पोलिसांची नोटीस खातेदाराच्या पत्त्यावर येते.